गोष्ट ऐकून जाळं कापणारी माणसं

किनारवाट

एका किनारपट्टीवरच्या गटासाठी पथनाट्य लिहायला घेतलं आहे. विषय नदी, खाडी, समुद्र आणि तिथले जीव. लिहिताना एक गोष्ट सारखी जाणवते. निसर्ग किती देखणा आहे हे सांगितलं की माणसं हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि उठून जातात. ज्याच्या हातात जाळं, कुऱ्हाड किंवा बंदूक आहे, त्याचा हात थांबतो तो वेगळ्याच गोष्टीने. ती त्यालाच उद्देशून सांगितलेली असते, त्याच्या घरातल्या नात्यांच्या भाषेत.

माझ्या डोक्यातून न जाणारं उदाहरण व्हेल शार्कचं आहे. हा जगातला सर्वांत मोठा मासा. शार्क असूनही प्लवंग आणि बारीकसारीक जीव गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. नव्वदच्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, त्याची मोठी शिकार व्हायची. गळाच्या दोराला रिकामी पिंपं बांधायची. मासा बुडी मारायला बघणार, पिंपं त्याला वर ओढणार, शेवटी तो दमून जाणार. म्हणून तिथे त्याचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडायचे, मांस परदेशी जायचं. माईक पांडे यांच्या माहितीपटाने हे सगळं उघड्यावर आणलं आणि २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे कायद्याने तो वाघाच्या बरोबरीला बसला.

पण कायदा झाला म्हणून भर समुद्रात पाहायला कोण जाणार? २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने गुजरात वनखात्याच्या साथीने मोहीम काढली आणि रामकथाकार मोरारी बापूंना सोबत घेतलं. बापूंनी लोकांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ‘व्हाली’ हे लाडाचं नावही दिलं. गावोगाव नाटक झालं, सोबत खऱ्या मापाचा फुगवलेला व्हेल शार्क. पुढे ज्यांच्या बंदरांत हा मासा कापला जायचा, त्याच मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेले शेकडो व्हेल शार्क स्वतः जाळं कापून सोडून दिले.

जाळं कापून, हे महत्त्वाचं. एवढ्या अवजड जीवाला जाळ्यातून अलगद काढता येत नाही. तो सुटायचा तर जाळं जातं आणि त्या खेपेची मासळीही जाते. एवढं नुकसान माणूस आपणहून सोसतो ते कशाच्या बळावर, हे मला नाटकात उतरवायचं आहे. अशी आणखी उदाहरणं द्या. फसलेली असतील तर तीही द्या.

पाणथळ

उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच सांगितलंत. गोष्टीच्या मागोमाग गुजरात वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली होती. त्यातही सुरुवातीला अडचण होती. मासा खरंच सोडला का, हे बघायला कोणीतरी समुद्रात जायचं आणि ते पोचेपर्यंत मासा जाळ्यात तडफडत राहायचा. मग मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले. सोडतानाचा फोटो काढा आणि तो पुरावा म्हणून दाखवा. यामुळे थांबण्याचा वेळ वाचला आणि मासे जगण्याची शक्यता वाढली.

कर्जावर जाळं घेतलेल्या माणसाला नुसत्या गोष्टीवर किती वेळा जाळं कापायला लावणार? पहिल्या वेळी तो लेकीसाठी कापेल. तिसऱ्या वेळी घरात भांडण होईल. मी संरक्षणाच्या कामातले बरेच प्रकल्प जवळून पाहिले आहेत. पोस्टर, गाणी, मिरवणूक सगळं होतं, पण नुकसान कोणी भरायचं हा प्रश्न निघाला की सगळे गप्प. तुमच्या नाटकात हा प्रश्न हवाच.

रानजाई

भरपाईशिवाय जमलेलं एक उदाहरण आसाममधलं आहे. हरगिला म्हणजे मोठा गरुड-करकोचा. टकलं डोकं, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, कचऱ्याच्या ढिगावर चरणारा पक्षी. त्याचं घरटं लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर, बहुतेक कदंबावर. पिल्लांसाठी आणलेलं सडकं मांस आणि मासे खाली पडतात, विष्ठा पडते, वास येतो. त्यात पक्षी अपशकुनी मानलेला. म्हणून लोक झाडच तोडून टाकायचे.

पूर्णिमा देवी बर्मन यांनी २००७ च्या सुमारास कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया भागात काम सुरू केलं. त्या झाडमालकांना समजवायला गेल्या तर लोकांनी चेष्टा केली. मग त्या बायकांकडे वळल्या. स्वयंपाकाच्या स्पर्धा, गाणी, मागावर विणलेल्या कापडावर हरगिल्याची नक्षी. आणि विणीच्या हंगामात पक्ष्याचं डोहाळजेवण! गावातल्या गरोदर बाईसाठी जे करतात तेच हरगिल्यासाठी. एकदा ज्या पक्षिणीचं डोहाळजेवण केलं, तिचं झाड तोडायला नवरा कुऱ्हाड घेऊन निघाला तर घरातली बाई आडवी येणारच. झाडाखाली जाळ्या बांधल्या, म्हणजे घरट्यातून पडलेलं पिल्लू वाचावं.

त्या गावांत तेव्हा २८ घरटी होती, आता २५० च्या वर आहेत. त्यांच्या ‘हरगिला आर्मी’त १०,००० हून अधिक बायका आहेत. बर्मन यांना २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये हा पक्षी जागतिक लाल यादीतल्या ‘संकटग्रस्त’ गटातून ‘संकटसमीप’ गटात आला.

किनारवाट, इथे गोष्ट कोणाला सांगितली ते पाहा. झाड पुरुषाच्या नावावर होतं. निर्णय घराच्या आतला होता.

डोहकाठ

मला एक टोचतं, ते स्पष्ट बोलतो. व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्यावर बाळंतपणालाच येतो हे सिद्ध झालेलं आहे का? पोटात पिल्लं असलेल्या मादीची नीट तपासणी झाली ती १९९५ मध्ये, तैवानजवळ पकडलेल्या मादीची. तिच्या पोटात सुमारे ३०० भ्रूण होते. या माशाच्या जन्माबद्दलचं बरंचसं ज्ञान त्या एका मादीवर उभं आहे. ‘माहेर’ ही कल्पना गोड आहे, पण उद्या कोणी उठून म्हणालं की इथे येणारे बरेच नर आहेत, तर?

नुसती शंका म्हणून हे म्हणत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. त्यांनी एल्क हरणांना वचक बसवला, एल्कनी नदीकाठची झाडं खाणं कमी केलं, काठ सावरले, आणि अशा रीतीने लांडग्यांनी नद्यांचा प्रवाह बदलला. फिरणाऱ्या व्हिडिओमुळे जगभर लोक हे ऐकून भारावले. मीही अनेकांना सांगितली आहे, कारण गोष्ट म्हणून ती फार देखणी आहे.

पण तिथे वर्षानुवर्षं मोजमाप करणारे शास्त्रज्ञ वेगळं सांगतात. लांडगे नसलेल्या सात दशकांत एल्कनी विलोची झुडपं फस्त केली. विलो गेली म्हणून बीव्हर, म्हणजे ओढ्यांवर फांद्यांचे बांध घालणारे प्राणी, गेले. बीव्हर गेले म्हणून त्यांचे बांध गेले. बांध नाहीत म्हणून ओढे खोल कापत गेले आणि काठाची भूजलपातळी खाली गेली. आता लांडगे आले, एल्क घटले, पण पाणीच खोल गेलेलं असेल तर विलोची मुळं पोचणार कुठे? बऱ्याच ठिकाणी काठ अजून पूर्ववत झालेले नाहीत. शिवाय एल्क कमी होण्यात अस्वलं, प्यूमा आणि उद्यानाबाहेरच्या शिकाऱ्यांचाही हात आहे.

गोड गोष्टीचा तोटा हा, की ऐकणाऱ्याला वाटतं, एक प्राणी परत आणला की झालं. नासवायला सत्तर वर्षं लागली ते सावरायला किती लागतील, हे त्या गोष्टीत येतच नाही.

किनारवाट

डोहकाठ, हे फार मोलाचं सांगितलंत. माझी बाजू मांडते.

बापूंच्या त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक जीवशास्त्राचा दावा आणि दुसरं नातं. हात थांबला तो नात्याने. दावा उद्या सैल निघाला तरी लेकीचं नातं लोक मोडणार नाहीत. यलोस्टोनमध्ये उलट झालं. तिथे नातं काहीच नव्हतं, सगळी मोहिनी दाव्याची होती. म्हणून दावा ढासळला की गोष्टही ढासळते.

तरीही तुमचा मुद्दा मान्य. नाटकात जीवशास्त्राचं जे वाक्य येईल ते तपासलेलंच असेल. पात्राच्या तोंडी ‘आमची लेक’ येईल, पण ‘शास्त्रज्ञ सांगतात की’ असं काही खोटं येणार नाही.

भरती_ओहोटी

गोष्ट आणि खरं याचं एक अवघड उदाहरण मीही देतो. अमेरिकेत ओहायोमधली कायाहोगा नदी. २२ जून १९६९ ला क्लीव्हलंडमध्ये नदीच्या पाण्यावरच्या तेलाला आणि कचऱ्याला आग लागली. अर्ध्या तासाच्या आत विझली. स्थानिक वृत्तपत्रांनीही फार मनावर घेतलं नाही, कारण ही नदी त्याआधी अनेकदा पेटलेली होती. दुसऱ्या दिवशी महापौर कार्ल स्टोक्स पत्रकारांना घेऊन नदीवर गेले आणि प्रदूषणाबद्दल जाहीरपणे बोलले. पुढे टाइम साप्ताहिकात मजकूर आला, सोबत ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचा फोटो. फोटो पाहून देश हादरला. तो फोटो १९५२ च्या आगीचा होता! १९६९ च्या आगीचा धड फोटोच नव्हता, फोटोग्राफर पोचेपर्यंत ती विझली होती.

पण १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा आला. त्यामागच्या लोकमतात या पेटत्या नदीचा वाटा मोठा होता. आज त्या नदीत माशांच्या डझनावारी जाती परतल्या आहेत.

मला यातून चुकीचा फोटो छापायचा धडा घ्यायचा नाही. मला दिसतं ते हे की १९५२ ची आग कितीतरी मोठी होती, पण तेव्हा ती ऐकायला कोणी तयार नव्हतं. १९६९ ला एका महापौराने उभं राहून सांगितलं की हे नेहमीचं नाही, हे चालणार नाही. नदीची अवस्था तीच होती. तिच्याबद्दल बोलणारा माणूस मिळाला.

तिवर

आत्तापर्यंतची सगळी नावं बघा. व्हेल शार्क, लांडगा, हरगिला. हरगिला कुरूप खरा, पण पाच फुटांचा पक्षी आहे, दिसतो तरी. चिखलाची गोष्ट कोण सांगणार?

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. २०२२ मध्ये ती खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. लोक दुर्बिणी घेऊन जातात, गुलाबी थवे बघून परत येतात. फ्लेमिंगोचं पोट ज्यावर भरतं तो ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्यातलं शेवाळ, त्यातले बारीक जीव. चिखलात भराव पडला तर फ्लेमिंगोला हाकलावं लागत नाही, तो आपोआप यायचा थांबतो. पण भरावाविरुद्ध बोलायला उभं राहिलं की लोक म्हणतात, तिथे तर काहीच नाही, नुसती दलदल आहे. कांदळवनाचंही तेच. तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली, त्यात अडकलेलं प्लास्टिक. फोटोत वाईटच दिसतं. पण किनाऱ्यावरच्या कितीतरी माशांची आणि कोळंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात.

नद्यांत तर सगळं पाण्याखाली. हिलसा मासा समुद्रातून गंगेत चढायचा, अलाहाबादच्याही वर जायचा. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधला फरक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ संपला. मासा अडतो ते कोणाला दिसत नाही. फक्त वरच्या गावातल्या जाळ्यात तो येईनासा होतो. ही गोष्ट रंगभूमीवर कशी दाखवणार, हे मला खरंच तुमच्याकडून ऐकायचं आहे.

सह्यधार

तिवर, न दिसणारं दाखवता येतं. दोन उदाहरणं देते.

एक नागालँडचं. अमूर ससाणा हा तळहाताएवढ्या अंगाचा शिकारी पक्षी सैबेरिया-चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावर लाखोंनी उतरतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हजारोंनी पक्षी मारले जात असल्याचं जगाला कळलं. पुढच्याच वर्षी, २०१३ ला, गावांनी शिकार पूर्ण बंद केली. चर्च, ग्रामसभा, कार्यकर्ते सगळे कामाला लागले होते. त्यात मला भावलेली गोष्ट अशी की तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रं बसवली आणि त्यांना नावं दिली नागा, पांगती आणि वोखा. पांगती हे तिथल्या गावाचं नाव. मग ‘पांगती आज अरबी समुद्रावर आहे’, ‘पांगती सोमालियात पोचली’ अशी बातमी गावात यायला लागली. ज्या पक्ष्याचा प्रवास कोणाला दिसला नव्हता, त्याची खुशाली आता लोक विचारत होते. हिलशाचा अडलेला प्रवासही असाच एका माशाला नाव देऊन सांगता येईल.

दुसरं अमेरिकेतल्या एल्व्हा नदीचं. १९१३ आणि १९२७ मध्ये तिच्यावर दोन धरणं झाली. सामन माशांना वर जायला वाट ठेवलीच नाही. लोअर एल्व्हा क्लालम जमातीची जिथे आपली उत्पत्ती झाली अशी श्रद्धा होती, ती जागाही जलाशयाखाली गेली. शंभर वर्षं म्हातारी माणसं पोरांना त्या जागेबद्दल सांगत राहिली. न पाहिलेल्या जागेबद्दल! २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली. जलाशय आटल्यावर ती जागा वर आली. सामन परत वर चढायला लागले आणि २०२३ मध्ये जमातीने धरणं पडल्यानंतरची पहिली मासेमारी केली.

आणि किनाऱ्याचं काय झालं तेही ऐका. शतकभर धरणामागे अडलेला गाळ खाली वाहून आला आणि मुखाशी झिजत चाललेला किनारा पुन्हा भरला. वाळूचा नवा काठ तयार झाला. धरण नदीवर आणि झीज समुद्राकाठी, हे नातं इतकं उघड फार कमी ठिकाणी दिसतं.

पाणथळ

एल्व्हाचं उदाहरण आवडलं. तिथे गोष्ट जमातीची स्वतःची होती, मोहिमेसाठी रचलेली नव्हती. न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीचंही तसंच. ‘मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी’ हे तिथल्या माओरींचं जुनं म्हणणं आहे. २०१७ मध्ये कायद्याने त्या नदीला व्यक्तीचा दर्जा दिला आणि तिच्या वतीने बोलायला दोन प्रतिनिधी नेमायची तरतूद केली. त्याच वर्षी आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांत त्याला स्थगिती दिली. पूर आला तर नुकसानीचा दावा नदीवर करायचा का, नदी अनेक राज्यांतून वाहते तर पालक कोण, हे प्रश्न आधी सोडवलेलेच नव्हते. आपल्याकडे गंगेची गोष्ट काय कमी आहे? पण व्हांगानुईला गोष्टीबरोबर दीडशे वर्षांचा पाठपुरावा आणि नीट लिहिलेली व्यवस्था होती.

वाळूघर

मी कासवमित्रांबरोबर काम करते. कोकणात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम उभं केलं आणि वेळासच्या कासव महोत्सवामुळे ते घरोघरी पोचलं. पूर्वी अंडी काढून विकणारी माणसंच पुढे राखण करायला लागली.

गोष्ट हातात कशी येते ते सांगते. मादी रात्री येते, वाळूत सुरईसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पहाटे किनाऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण दिसते. काठी हलकेच खुपसून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचं. मग हाताने उकरायचं, अंडी एकेक काढायची आणि ती फिरवायची नाहीत, वरची बाजू वरच ठेवायची. कुंपणात नेऊन तेवढ्याच खोलीचा, तसाच तळाशी फुगीर खड्डा करून ठेवायची. वर टोपली. साधारण पन्नास दिवसांनी टोपलीखालची वाळू खचायला लागते.

आमच्याकडे येणारी माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. ते चांगलंच आहे, त्यातून गावात चार पैसे येतात. पण गोष्ट तिथेच संपली असं सगळ्यांना वाटतं. पिल्लू उजेडाकडे जातं, कारण मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज जास्त उजळ असतं. आमच्या जवळच्या एका किनाऱ्यावर राहण्याच्या एका ठिकाणाने मोठे दिवे लावले आणि पिल्लं उलटी, दिव्यांकडे गेलेली सकाळी सापडली. दिवे कमी करा म्हणून सांगायला गेलो तर त्यांच्या भिंतीवर कासवाचंच मोठं चित्र होतं. कासवावर प्रेम आहे, पण दिवा बंद करायचा नाही. किनारवाट, तुमच्या नाटकात हा दिवेवाला माणूस घ्या. तो दुष्ट नाही. त्याला कोणी त्याची गोष्ट सांगितलेली नाही.

किनारवाट

वाळूघर, दिवेवाला नक्की येणार. मी आत्तापर्यंत फक्त जाळंवाला लिहिला होता. सगळा भार त्याच्याच डोक्यावर होता हे तुमचं वाचून लक्षात आलं. तिवर, हिलशासारखी वर चढणारी मासोळी हे पात्र करते आहे. ती नाटकभर भिंतीशी येऊन परत जाते, शेवटपर्यंत. पाणथळ, नुकसान कोणी भरायचं हा प्रश्न मच्छीमाराची बायको विचारेल, आणि उत्तर लेखक देणार नाही. तिथेच खेळ थांबवून प्रेक्षकांना बोलू द्यायचं.

प्रयोग कधी ठेवावा हे कळत नाही. गटाचं म्हणणं डिसेंबरात, पर्यटक असतात तेव्हा.

दर्यावर्दी

उशिरा वाचलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे, म्हणून एवढंच सांगतो.

डिसेंबरात नको. तेव्हा पुरुष दर्यात आणि बायका बाजारात. खेळ पाहणार ते फिरायला आलेले लोक. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून-जुलैत, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, सगळे घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. पावसात मैदान मिळणार नाही, पण जाळी शिवायच्या शेडमध्ये पन्नास-साठ माणसं सहज मावतात. तिथे या. मच्छीविक्रेत्या बायकांना आधी भेटा, त्यांनी हो म्हटलं की गाव येतं.

आणि जाळं कापायचा प्रसंग दाखवाल तर खोटं जाळं आणू नका. आमच्याकडचं फाटकं जाळं घ्या आणि आमच्यातल्याच कोणाच्या तरी हातात सुरी द्या. कुठून कापायचं हे त्याला माहीत असतं.